ओसरी, माजघर आणि चव्हाटा



न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली ज्या वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तिच्या व्यासपीठावरून मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. मी विद्वान नव्हे. माझी शाळा दहावीत सुटली. त्यानंतरचे शिक्षण नारायण पेठेतल्या एका छापखान्यात खिळे जुळवता जुळवता झाले, आणि पुढची तीस वर्षे कामगार संघटनेच्या कामात गेली. संगणकाच्या शास्त्रात माझा अधिकार नाही. तरीही समाजमाध्यमांवर आपली खाजगी माहिती कोणी पाहावी, हा विषय मी पत्करला, कारण कोणाला कोणाविषयी काय ठाऊक असावे हा प्रश्न कामगाराच्या भाकरीशी जोडलेला आहे. मालकाला आपले सारे ठाऊक आणि आपल्याला मालकाचे काहीच ठाऊक नाही, या विषमतेशी झगडण्यात संघटनेचे निम्मे आयुष्य जाते.

आज मला एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे. आपली माहिती कोणी पाहावी हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा आहे. पण तो हक्क राखण्याचे काम एकट्यादुकट्याने होणारे नाही. ते चार जणांनी मिळून करण्याचे काम आहे.

प्रथम एका समजुतीचा निकाल लावू. पुष्कळ लोक म्हणतात की, हे खाजगीपणाचे खूळ परदेशातून आले. आपण वाड्यात वाढलेली माणसे. खरेच आहे, वाड्यात आठ-दहा बिऱ्हाडे, चौकात एक नळ, आणि कोणाच्या घरी आज काय शिजले इथपासून कोणाचे पोर नापास झाले इथपर्यंत सर्व बातम्या त्या नळावर. पण जरा वाड्याची रचना पाहा. आधी दिंडी दरवाजा, मग ओसरी, मग माजघर, त्यापलीकडे स्वयंपाकघर, आणि एका अंगाला कोठीची खोली. पोस्टमन दिंडीपर्यंत येई. वसुलीला आलेला गृहस्थ ओसरीच्या कडेवर टेके. सोयरेधायरे माजघरात बसत. दागिन्यांचा डबा कोठे आहे, हे घरातल्या दोघांनाच ठाऊक असे. कोणी कोणत्या उंबरठ्यापर्यंत यायचे, याचा बारीक विचार आपल्या वाडवडिलांनी दगडविटांत बांधून ठेवला होता.

त्या उंबरठ्यांनी अन्यायही केला, हे मी विसरत नाही. जातीचे कारण सांगून कोणाला दिंडीबाहेर उभे केले, बाईचा जन्म म्हणून कोणाला माजघरात कोंडले. ते उंबरठे दुसऱ्याने घातलेले होते. मी ज्या उंबरठ्याची गोष्ट करतो आहे, तो ज्याचा त्याने घालायचा आहे.

टपालातही हाच विवेक होता. आपल्या देशात पोस्टकार्ड 1879 साली सुरू झाले. कार्ड स्वस्त, पण ते वाटेतला कोणीही वाचू शकतो. पाकिटाला जास्त पैसे पडतात, पण ते चिकटवता येते. कार्डावर काय लिहावे आणि पाकिटात काय घालावे, हे चौथी शिकलेल्या बाईलाही कळत होते. खुशाली कार्डावर, सासुरवासाची हकीकत पाकिटात. यात लपवाछपवी नव्हती. ज्याचे त्याला कळवावे, इतकाच त्याचा अर्थ होता.

हा विवेक सुटला म्हणजे काय होते, याचा दाखला शोधायला लांब जायला नको. आपल्या नारायण पेठेतच तो घडला आहे. 24 जून 1908 रोजी लोकमान्य टिळकांना मुंबईत अटक झाली आणि लगोलग पुण्यात गायकवाड वाड्याची, म्हणजे आपल्या केसरीवाड्याची, झडती झाली. खटला होता 'केसरी'तल्या लेखांबद्दल. पण झडतीत पोलिसांच्या हाती एक कार्ड लागले. त्यावर स्फोटक द्रव्यांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे टिपलेली होती. सरकारपक्षाने ते कार्ड पुराव्यात घातले. टिळकांनी सांगितले की, सरकारने नुकताच स्फोटक द्रव्यांचा कायदा केला होता, त्यावर टीका लिहायची म्हणून पुस्तकांच्या यादीतून ती नावे आपण उतरवून घेतली. संपादकाच्या मेजावर असे टिपण असणे ही रोजची गोष्ट आहे. पण तेच टिपण फिर्यादी वकिलाच्या हातात गेले तेव्हा त्याला वेगळाच वास येऊ लागला. सात विरुद्ध दोन मतांनी ज्यूरीने दोषी ठरवले, न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली, आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांना सहा दिवस या हिशेबाने काम बंद ठेवले. माझ्यासारख्या संघटनेच्या माणसाला तो संप पाठ असतो; पण त्या कार्डाचीही आठवण ठेवली पाहिजे. शिक्षा त्या एका कार्डाने झाली, असे मी म्हणत नाही. मुद्दा एवढाच की, कागद तोच, शाई तीच, अक्षरेही तीच. वाचणारा बदलला, आणि अर्थ बदलला.

आता आपल्या हातातल्या मोबाइलकडे वळू. फेसबुक सुरू झाले 2004 साली, व्हॉट्सॲप 2009 साली. या साधनांनी मोठे उपकार केले आहेत. परगावी गेलेला मुलगा रोज दिसतो, संपाची हाक एका मिनिटात हजार जणांकडे जाते. पण ओसरी, माजघर आणि कोठीची खोली यांच्यामधल्या भिंती या साधनांनी पाडून टाकल्या. मामा, मेहुणा, मुकादम, मुलीचे भावी सासरे आणि कर्ज देणाऱ्या बँकेचा माणूस असे सगळे एकाच चटईवर येऊन बसले आहेत, आणि आपल्याला मात्र वाटते की आपण मामाशीच बोलतो आहोत. छापखान्यात फर्मा छापून झाला की खिळे सोडवून पुन्हा केसमध्ये टाकता येतात. पण बाहेर गेलेली प्रत परत बोलावता येत नाही. मोबाइलवरून पुसून टाकलेल्या मजकुराचीही तीच गत असते. आपला फर्मा मोडला, तरी कोणीतरी घेतलेला स्क्रीनशॉट शिल्लक असतो.

नोव्हेंबर 2012 मधली पालघरची हकीकत आपणांस आठवत असेल. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. एका तरुण मुलीने त्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्याला पसंतीची खूण केली. चौकात भाषण नाही, पत्रक नाही. दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. खटला पुढे टिकला नाही, आणि ज्या 66 अ कलमाचा आधार घेतला होता, ते सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले. न्याय मिळाला, पण तोवर त्या दोन घरांनी काय भोगले असेल! पसंतीची खूण म्हणजे ओसरीवर मान हलवणे, अशी त्या मैत्रिणीची समजूत असावी. प्रत्यक्षात ती मान चव्हाट्यावर हलली होती.

कामगारांचा अनुभवही सांगतो. पुण्याजवळच्या एका कारखान्यात, नाव सांगण्याचे कारण नाही, कंत्राटी कामगारांची संघटना बांधली जात होती. अशा वेळी सभासदांची नावे हा जिवाचा प्रश्न असतो. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात संघटनेला मान्यता हवी असेल तर सहा महिने किमान 30 टक्के कामगार आपले सभासद असल्याचे दाखवावे लागे. म्हणजे नावे केव्हातरी दाखवायचीच असतात. पण कोणापुढे, कोणत्या वेळी आणि किती, हे ठरलेले असते. संघटना अंगात ताकद आल्यावर नावे उघड करते. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची. इथे एका उत्साही मुलाने व्हॉट्सॲपचा ग्रुप काढला आणि पॅकिंग खात्यातल्या सगळ्या बायकांचे नंबर त्यात घातले, त्यांना न विचारता. आठवड्याच्या आत त्या यादीचा स्क्रीनशॉट कंत्राटदाराकडे पोचला. सात जणींना पुढच्या महिन्यापासून येऊ नका असे तोंडी सांगण्यात आले. लेखी कारण कोणालाच नाही. त्यांतल्या चौघींनी त्या ग्रुपवर एक अक्षरही लिहिले नव्हते. त्यांचा नंबर तिथे दिसला, एवढाच त्यांचा अपराध. भांडून आम्ही तिघींना परत आणले. बाकीच्या चौघी आल्या नाहीत. त्यांतल्या एकीचे घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होते.

या हकिकतीतून एक धडा निघतो. त्या बायकांनी स्वतःच्या मोबाइलवर कितीही कुलुपे लावली असती, तरी त्या वाचल्या नसत्या. त्यांची माहिती दुसऱ्याच्या खिशात होती.

तेव्हा आपल्याकडे पाहणारे कोण कोण आहेत, याचा नीट हिशेब करू. माझ्या मते ते तीन प्रकारचे आहेत. पहिला ओळखीपाळखीचा माणूस. दुसरा, ज्याची आपल्यावर काही सत्ता चालते असा: मालक, मुकादम, सावकार, पोलीस, सोयरीक पाहणारे. आणि तिसरी ती कंपनी, जिच्या वाड्यात आपण सारे बिनभाड्याचे बिऱ्हाड करून राहिलो आहोत.

पहिल्या दोघांसाठी उंबरठे आहेत, ते वापरले पाहिजेत. फेसबुकवर प्रत्येक मजकुराला तीन मुख्य दारे असतात: सार्वजनिक, मित्र आणि फक्त मी. सार्वजनिक म्हणजे चव्हाटा, हे मनात पक्के धरावे. आजवर चव्हाट्यावर टाकलेला जुना मजकूर एकदम मित्रांपुरता आखडून घेण्याचीही सोय तिथे आहे. आपल्या मित्रांची यादी कोणी पाहावी, आपल्या फोन नंबरावरून आपल्याला कोणी शोधावे, दुसऱ्याने छायाचित्राला आपले नाव जोडले तर ते आपल्या पानावर येण्याआधी आपल्याला विचारावे की नाही, हेही ठरवता येते. व्हॉट्सॲपवर आपला फोटो, स्टेटस आणि आपण शेवटचे केव्हा आलो होतो, हे कोणाला दिसावे ते निवडता येते. आपल्याला ग्रुपमध्ये कोणी घालावे, याचा बंदोबस्त 2019 पासून आपल्या हाती आहे. 'सर्व' ऐवजी 'माझे संपर्क' एवढे केले तरी अनोळखी माणूस आपल्याला ओढून नेऊ शकत नाही. आणि आपले खाते दुसऱ्या कोणत्या यंत्रावर उघडे राहिले आहे काय, हे महिन्यातून एकदा पाहावे. दाराला आतून कडी आहे की नाही, हे निजताना आपण पाहतोच; त्यातलाच हा प्रकार.

तिसऱ्याची गोष्ट निराळी. 'फक्त मी' असे दार लावले, तरी वाड्याचा मालक आत बसलेलाच असतो. व्हॉट्सॲपवरचा मजकूर 2016 पासून पाकिटबंद आहे, तो वाटेत कंपनीला वाचता येत नाही, हे खरे. पण पाकिटाच्या बाहेरची बाजू, म्हणजे कोणी कोणाशी केव्हा संबंध ठेवला, हे तिला दिसू शकते. आणि ही बाहेरची बाजू किरकोळ नसते. 2007 साली ऑर्कुट नावाच्या माध्यमावर शिवाजी महाराजांचे विटंबना करणारे चित्र आले. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने ज्या ग्राहकाचे नाव कळवले, त्या बंगळूरच्या एका अभियंत्याला पुणे पोलिसांनी पकडून आणले. तो सुमारे 50 दिवस येरवड्याला होता. पुढे उघड झाले की, कंपनीने कळवलेले नावच चुकीचे होते. या माणसाचा त्या चित्राशी काही संबंध नव्हता. आपली नोंद दुसऱ्याच्या वहीत असते, आणि ती चुकली तर तुरुंगात आपण जातो.

या कंपन्या उंबरठे बांधतात आणि स्वतःच हलवतातही. डिसेंबर 2009 मध्ये फेसबुकने आपले नियम बदलून, लोकांनी झाकून ठेवलेली काही माहिती, उदाहरणार्थ मित्रांची यादी, उघडी केली. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2011 साली त्याबद्दल त्या कंपनीला बांधून घेतले, आणि ते बंधन मोडल्याबद्दल 2019 साली 5 अब्ज डॉलरचा दंड केला. 2014 साली फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेतले; पुढे 2021 साली, माहिती कंपनीच्या इतर शाखांना देण्यास संमती द्या नाहीतर वापर सोडा, अशी अट आपल्यापुढे टाकली. आपल्या देशाच्या स्पर्धा आयोगाने त्यासाठी नोव्हेंबर 2024 मध्ये 213 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. 'मान्य असेल तर या, नाहीतर चालते व्हा' ही भाषा आम्हा कामगारांना नवी नाही. कारखान्याच्या फाटकावर ती आम्ही फार वर्षे ऐकली आहे, आणि ती बोलणाऱ्याला एकेकट्याने दिलेले उत्तर कधी पोचत नाही, हेही आम्ही जाणतो.

आणखी एक आकडा सांगतो, तो घरी जाताना बरोबर न्यावा. मार्च 2018 मध्ये केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीचे प्रकरण बाहेर आले. फेसबुकवर एक प्रश्नावली होती. ती उघडणाऱ्याची, आणि त्याबरोबर त्याच्या मित्रांचीही, माहिती तिकडे जात होती. फेसबुकने स्वतः जाहीर केले की, भारतात ती प्रश्नावली 335 लोकांनी घेतली, आणि ज्यांची माहिती गेली असण्याचा संभव आहे असे भारतीय 5,62,455. तीनशे पस्तीस माणसांनी आपले दार उघडले आणि साडेपाच लाखांच्या घरात परका शिरला! त्या साडेपाच लाखांत फार काळजीपूर्वक राहणारे लोकही असतील. त्यांची सावधगिरी त्यांना उपयोगी पडली नाही, कारण त्यांची किल्ली मित्राच्या खिशात होती.

इथे कोणी विचारील, "माझ्याजवळ लपवण्यासारखे काही नाही, मग मला काय भीती?" त्या गृहस्थाला मी विचारतो, तुमच्या पगाराचा कागद दिंडीवर चिकटवाल काय? तुमच्या पत्नीच्या आजाराची चिठ्ठी, मुलाच्या कर्जाचा हप्ता, तुमची जात, तुमचे मत कोणत्या पक्षाला, हे सर्व? यात लाज वाटण्यासारखे काही नाही; पण प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी हातात शस्त्र होऊ शकते. आणि ज्याला कशाचीच भीती नाही, त्याला शेजारणीची भीती समजली पाहिजे. नवऱ्याच्या मारापासून माहेरी पळून आलेल्या बाईला तिचा पत्ता झाकलेला हवा असतो. नवी नोकरी शोधणाऱ्या कारकुनाला ती बातमी जुन्या साहेबापासून झाकायची असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. खाजगीपणाच्या बुरख्याखाली लबाडी दडते, हे खरे. आम्हीच तर हजेरीपट उघडा करा, कंत्राटे उघडी करा, म्हणून मोर्चे काढले. महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा कायदा 2002 साली केला, देशाने 2005 साली. मला यात विरोध दिसत नाही. सत्ता ज्याच्या हाती, त्याचा कारभार उघडा असावा; आणि सत्ता ज्याच्यावर चालते, त्याचे घर झाकलेले असावे. आजकाल नेमके उलटे होऊ पाहते आहे, ही चिंतेची गोष्ट आहे. 2023 च्या नव्या कायद्याने माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या कलमात बदल केला आणि त्यातला सार्वजनिक कामाशी असलेल्या संबंधाचा निकष काढून टाकला. व्यापक सार्वजनिक हित दाखवून माहिती मागण्याची दुसरी वाट कलम 8 च्या पोटकलम 2 मध्ये उरली आहे. पण सामान्य माणसाला ती वाट अवघड आहे. सामान्य माणसाच्या उंबरठ्याचे नाव घेऊन अधिकाऱ्याच्या दाराला कुलूप लागत असेल, तर त्याला आपण संमती देता कामा नये.

कायद्याचे नाव निघाले आहे, तर तो आपल्याला कोठवर साथ देतो तेही पाहू. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात आधारचे पहिले क्रमांक दिले गेले. त्या योजनेविरुद्ध न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी न्यायालयात धाव घेतली, आणि त्यातून 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याच निकालात आणीबाणीतला 1976 चा तो कुप्रसिद्ध निकालही रद्द ठरवला गेला. त्या जुन्या निकालाच्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते, आणि तो चूक होता असे लिहिणारे त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड. घरातल्या थोराचा शब्दही हक्कापुढे मोठा नाही, याचे इतके चांगले उदाहरण मराठी माणसाला दुसरे सापडायचे नाही.

त्या निकालानंतर ऑगस्ट 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास तेव्हापासून 18 महिन्यांची मुदत दिली गेली. दंड 250 कोटींपर्यंत आहे. कायदा वाचून मी तीन जागी थांबलो. पहिली, कलम 7: नोकरीच्या कामासाठी, किंवा मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, मालक नोकराची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरू शकतो. म्हणजे ज्याची आपल्याला सर्वांत अधिक धास्ती, त्याच्यासाठी मागचे दार उघडे. दुसरी जागा, कलम 3: जी माहिती माणसाने स्वतः जाहीर केली, तिला हा कायदा लागूच नाही. तेव्हा मघाशी सांगितलेले 'सार्वजनिक' हे बटण क्षुल्लक समजू नका. ते दाबताच आपण त्या मजकुरापुरते कायद्याच्या छत्रीबाहेर पडतो. आणि तिसरी जागा त्याच कलमात आहे: कोणी खाजगी किंवा घरगुती कामासाठी दुसऱ्याची माहिती हाताळली, तर तिथेही हा कायदा येत नाही. म्हणजे मेहुण्याने तुमचा फोटो चार ग्रुपांवर टाकला, तर हे प्रकरण त्याचे आणि तुमचे.

यातून काय निष्पन्न होते? मालकाविरुद्ध कायदा अपुरा आहे, तो सुधारून घ्यावा लागेल. आणि तो संघटनेच्या बळावरच सुधारेल. वेतनाच्या करारात जशी बोनसची कलमे आपण घालतो, तशी 'कामगाराच्या खाजगी मोबाइलवर मालकाने नजर ठेवू नये, त्याच्या समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून त्याला शिक्षा करू नये' अशी कलमे घालून घेण्याची वेळ आली आहे. हिंजवडीतल्या संगणकावर काम करणाऱ्या मुलामुलींनाही माझे हेच सांगणे आहे. त्यांच्या खुर्च्या गुबगुबीत असल्या तरी प्रश्न तोच आहे.

आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बाबतीत कायदा येतच नाही. तिथे रीत बसवावी लागेल. वाड्यात दुसऱ्याचे पत्र कोणी फोडत नसे, ते पोलिसांच्या भीतीने नव्हे. तशी रीत होती. आमच्या संघटनेत त्या कारखान्यानंतर आम्ही बैठक घेऊन काही रीती ठरवल्या, त्या आपल्यापुढे ठेवतो. विचारल्यावाचून कोणाचा नंबर कोणत्याही ग्रुपमध्ये घालायचा नाही. सभासदांची यादी मोबाइलवर फिरवायची नाही. ती कागदावर, दोघांच्या ताब्यात. सभेचे छायाचित्र काढण्याआधी विचारायचे, आणि ज्याला नको त्याने बाजूला उभे राहिले तर त्याला भित्रा म्हणायचे नाही. जो हजर नाही त्याच्या आजाराची, कर्जाची, घरच्या भानगडीची गोष्ट ग्रुपवर काढायची नाही. दुसऱ्याने विश्वासाने लिहिलेल्या मजकुराचा स्क्रीनशॉट पुढे पाठवणे म्हणजे त्याचे पत्र फोडणे होय, असे मानायचे. आणि काम सोडून गेलेल्याचा किंवा बढती मिळून मुकादम झालेल्याचा नंबर त्याच दिवशी काढायचा, रागालोभाचा प्रश्न न करता.

रीती पाळल्या जातात काय? सगळ्या, सगळीकडे नाही. पण त्या कारखान्यात वर्षभराने पॅकिंग खात्यातल्या बायका पुन्हा सभासद होऊ लागल्या. त्यांनी पावती फाडण्याआधी एकच प्रश्न विचारला: "आमचं नाव कुठं कुठं जाणार?" याचे उत्तर आम्हांला देता आले, म्हणून त्या आल्या.

हाच प्रश्न आपणही विचारावा, अशी माझी विनंती आहे. गृहनिर्माण सोसायटीने वर्गणी थकलेल्यांची नावे ग्रुपवर टाकली, तर विचारावा. शाळेने मुलांची छायाचित्रे जाहीर पानावर लावली, तर विचारावा. कंपनीने नवा अर्ज भरायला दिला, तर विचारावा. आणि नातवाचा अंघोळीचा फोटो चारशे लोकांना दाखवण्याआधी आजीआजोबांनी स्वतःला विचारावा. तो नातू उद्या वीस वर्षांचा होणार आहे. एकट्याने विचारले तर लोक तऱ्हेवाईक म्हणतील. दहा जणांनी विचारले तर उत्तर द्यावे लागेल. शंभर जणांनी विचारले, तर त्याचा नियम होईल. कामाचे आठ तास असेच मिळाले, आठवड्याची सुट्टी अशीच मिळाली. आपल्या घराचा उंबरठाही तसाच मिळेल.